रोपवाटिकेची जुनी पिकअप: नव्वद हजारांत काय बदललं आणि काय बदलू दिलं नाही

पार्श्वभूमी

इंदूरच्या एका मराठी कुटुंबाची खंडवा रोडवर दीड एकराची रोपवाटिका आहे. भाऊ गेल्यापासून वहिनी आणि त्यांचा मुलगा ती चालवतात. ओळख पटू नये म्हणून नावं, नेमकी जागा आणि गाडीची कंपनी लिहीत नाही. आकडे मात्र वहिनींच्या वहीतले आणि धर्मकाट्याच्या, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्याच्या, पावत्यांवरचे आहेत. मी त्यांचा जुना शेजारी. पीथमपूरच्या एका वाहन कारखान्यात चॅसिस आणि सस्पेन्शनच्या विभागात बावीस वर्षं काम केलं, म्हणून गाडीचा विषय निघाला की मुलगा माझ्याकडे येतो.

त्यांचा माल दोन प्रकारचा. एक, शहरातल्या बंगल्यांना, कॉलन्यांना आणि बायपासकडच्या टाउनशिपना लागणाऱ्या मोठ्या कुंड्या: फायकस, चाफा, अरेका पाम. दुसरा, घाटाखालच्या निमाड भागातल्या शेतकऱ्यांसाठी ट्रेमधली मिरचीची रोपं. जूनचा पाऊस लागला की खरगोन, बडवाहकडून फोन सुरू होतात आणि पाच-सहा आठवडे उसंत नसते. कुंडी जड, पण जागा थोडी खाते. ट्रे हलका, पण एकावर एक रचता येत नाही, म्हणून सगळा हौदा अडवतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यापाशीच येऊन थांबले.

आधी माल भाड्याच्या लोडिंग गाडीने जायचा. शहरातली फेरी अठराशे रुपये, निमाडची साडेचार हजार. ऐन हंगामात गाडी मिळायची नाही. मिळालीच तर दुपारी यायची, आणि तोवर रोपं माना टाकायची. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःची जुनी पिकअप घ्यायचं ठरवलं.

गाडी

२०१४चं मॉडेल, डिझेल, किंमत ३,१०,००० रुपये. इंजिन चांगलं होतं. थंड असताना एका चावीत सुरू झालं, धूर नव्हता, तेलाची टोपी उघडल्यावर वाफेचा फुत्कार नव्हता. कागदपत्रंही नीट होती. फायनान्सचं कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर चढलेली, चॅसिस नंबर कागदाशी जुळणारा. फॉर्म २९ आणि ३० भरून नायता मुंडल्याच्या आरटीओत गाडी वहिनींच्या नावावर झाली. आरसीवर रिकामं वजन १,७१५ किलो आणि मालासकट एकूण वजनाची मर्यादा २,९५० किलो. एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यात परमिट लागत नाही, तो एक त्रास वाचला.

आधीच्या मालकाने सळई आणि सिमेंट वाहिलं होतं. हौद्याच्या मूळ तळावर त्याने ३ मिलिमीटरचा चेकर पत्रा वेल्ड करून घेतला होता आणि पुढे जाड पाइपचा बंपर गार्ड लावला होता. विकणाऱ्याने दोन्ही गोष्टी अभिमानाने दाखवल्या. "बॉडी मजबूत आहे," असं मुलगाही घरी येऊन सांगत होता.

बदलांसाठी बजेट ठरलं ९०,००० रुपये. मुलाने वहीच्या एका पानावर यादी लिहून आणली: मागे दोन जादा पाटे (चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), उंच जाळी, ट्रेसाठी रॅक, नवा रंग, समोर एलईडी पट्टी. ब्रेक आणि टायर यादीत नव्हते.

अडचण: शंभर कुंड्या

पाटे कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "काका, भाड्याची गाडी एका फेरीत शंभर कुंड्या न्यायची. आपली बसून जाईल."

मी त्याला बारा इंची कुंडी भरून, पाणी घालून काट्यावर ठेवायला सांगितलं. १६ किलो भरली. शंभर कुंड्या म्हणजे १,६०० किलो. मग गाडी रिकामी, अर्धी टाकी डिझेल आणि स्टेपनीसकट धर्मकाट्यावर नेली. पावती निघाली १,९०५ किलोंची, म्हणजे आरसीपेक्षा १९० किलो जास्त. डिझेल आणि सामानाचे काही किलो सोडले तर बाकी सगळं त्या "मजबूत बॉडी"चं ओझं. २,९५० मधून १,९०५ आणि दोन माणसांचे १३० वजा केले की मालाला उरतात ९१५ किलो. सत्तावन्न कुंड्या.

त्या संध्याकाळी घरात बराच वेळ शांतता होती. शंभरचा आकडा धरून त्यांनी फेऱ्यांचा हिशेब मांडला होता आणि त्या हिशेबावरच गाडी घेतली होती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे भाड्याची गाडी इतकी वर्षं आपला माल धोक्यातच नेत होती का हो?" होय. नेत होती.

खरेदीच्या आधीच हे वजन व्हायला हवं होतं. सौदा करताना धर्मकाट्याचे शे-दोनशे रुपये कुणाला सुचत नाहीत. मलाही सुचलं नाही आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय, ट्रान्सपोर्ट नगरच्या कमानीवाल्याचा. महाराष्ट्रात ज्यांना पाटे म्हणतात त्यांना इंदुरात कमानी म्हणतात. त्याने गाडीखाली पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "दो पत्ते डलवा लो, दो टन भी हिलेगा नहीं." दोन्ही बाजूंचे मिळून नऊ हजार. मुलाला हे पटलं होतं आणि खरं सांगायचं तर बाजारात दहापैकी आठ जण हेच करतात. म्हणून यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला.

पाटा वाढवल्याने गाडी खाली बसत नाही, हे खरं आहे. पण वजन पेलणारा तो एकटा पाटा नसतो. ॲक्सल, चाकाचे बेअरिंग, टायर, चॅसिसचे उभे चॅनल आणि ब्रेक हे सगळे कंपनीने २,९५० किलो धरून बनवलेले. त्यातलं एक बदललं म्हणून बाकीचे बदलत नाहीत. गाडी बसताना दिसत नाही, म्हणून ती जास्त भरली आहे हे दिसणंही बंद होतं.

दुसरी गोष्ट या धंद्यातल्या जुन्या मेकॅनिकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. या गाडीत मागच्या ब्रेकसाठी वजन ओळखणारा एक व्हॉल्व्ह आहे. तो चॅसिसला बसवलेला असतो आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की हौदा खाली येतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, कारण हलक्या मागच्या चाकांना पूर्ण दाब मिळाला तर ती जाम होऊन गाडी मागून फिरू शकते. आता पाटे वाढवले तर माल भरूनही हौदा पुरेसा खाली येणार नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच. म्हणजे ज्या वेळी मागच्या ब्रेकची सर्वांत जास्त गरज, त्याच वेळी त्यांना दाब कमी मिळणार.

मी मुलाला गाडीखाली झोपवून ती दांडी दाखवली. हौद्यात चार माणसं चढवली आणि दांडी किती सरकते ते त्याने स्वतः पाहिलं. तोंडी समजावण्यात मी आधी तासभर घालवला होता, पण काम त्या दोन मिनिटांनीच केलं.

आणि घाट. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. खंडवा रोडने निमाडात उतरायचं तर सिमरोलच्या पुढे भेरू घाट आहे. जादा भरलेली गाडी, मागचे ब्रेक अर्धे आणि उतार. वहिनींनी हे ऐकल्यावर पाट्यांचा विषय संपला.

कायद्याची बाजूही त्याच दिशेची होती. पाटे वाढवून आरसीवरचा आकडा वाढत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यायचा खर्च आपल्याच माथी. हायवेच्या कडेला चाळीस कुंड्या उतरवायच्या म्हणजे काय, ते रोपवाटिकावाल्याला सांगावं लागत नाही.

दुसरा पर्याय होता बंद डबा बांधण्याचा. ट्रेसाठी उत्तम, वारा नाही, ऊन नाही. पण उघड्या हौद्याचा डबा केला की आरसीवरचा बॉडीचा प्रकारच बदलतो. कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं, आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्याशिवाय डब्याचं वजन अडीचशे किलोंच्या पुढे गेलं असतं. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

तिसरा पर्याय म्हणजे गाडी विकून मोठी घ्यायची. पैसे नव्हते.

चौथा पर्याय वहिनींनी काढला. मी काढायला हवा होता, पण माझं डोकं लोखंडाच्या बाहेर जात नव्हतं. त्या म्हणाल्या, "गाडीचं वजन कमी करता येतं तसं कुंडीचं का नाही करता येणार?" त्यांच्या कुंडीत दोन भाग काळी माती आणि एक भाग शेणखत असायचं. ओली काळी माती किती जड असते, ते माळव्यात ज्याने फावडं मारलंय त्याला माहीत आहे. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशी कुंडी भरून तोलली. ११ किलो. तोटाही होता. कोकोपीटची पाच किलोंची वीट भिजवली की सत्तरेक लिटर होते आणि पंधराएक कुंड्यांना पुरते, म्हणजे कुंडीमागे बारा रुपये वाढले. कुंडी हलकी असली की गच्चीवर वाऱ्याने कलंडते. गिऱ्हाईकही हलकी कुंडी उचलून पाहतं आणि विचारतं, माती कमी घातली का?

काय केलं

ठरलं ते असं: आधी गाडीवरचं फालतू ओझं काढायचं, मग गाडीचं थांबणं आणि वजन पेलणं यांवर पैसे घालायचे, आणि उरलेल्यात रॅक. रंग आणि एलईडी पट्टी यादीतून बाहेर.

बंपर गार्ड सर्वांत आधी उतरला. असे गार्ड लावणं कलम ५२चा भंग आहे, असं केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. शिवाय धडकेत मूळ बंपरने दबून घ्यायचा जो मार असतो, तो असा कडक पाइप थेट चॅसिसपर्यंत पोचवतो. ३४ किलो.

मग चेकर पत्रा. ३ मिलिमीटर पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो होतं. हौदा आठ फूट बाय साडेपाच, म्हणजे सुमारे ९६ किलो पत्रा नुसता बसून होता. तो काढू नये असं गॅस कटरवाल्याचं म्हणणं होतं. काढायचे तीन हजार लागणार होते, आणि "चांगली चीज आहे, वर माती-पाणी पडणार, असू दे." माझं मन थोडं डळमळलं. रोपवाटिकेच्या गाडीत रोज पाणी सांडणार, जाड पत्रा टिकेल, असं मलाही वाटत होतं. पण पत्रा कडेने वेल्ड होता आणि मधल्या फटीतून पाणी खाली जात होतं. खाली गेलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न होता.

पत्रा उचलल्यावर उत्तर दिसलं. मूळ तळ मधल्या पट्ट्यात जाळीसारखा झाला होता आणि त्याखालचे तीन आडवे चॅनल हातोडीच्या टोकाने पापुद्रे सुटावेत इतके गंजले होते. त्या चॅनलवरच हौदा चॅसिसला बसतो. पत्रा ठेवून वर रॅक लावला असता तर तो एखाद्या खड्ड्यात तळासकट सुटला असता. चॅसिसचे उभे चॅनल, सुदैवाने, वरून गंजलेले पण आतून निरोगी होते. उजवीकडे मागच्या शॅकलजवळ (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारा दुवा) एक जागा तेवढी शंकास्पद वाटली.

इथे बजेट हललं. तीन नवे आडवे चॅनल, तळाला ठिगळं, तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग, असे कटाईसकट १९,५०० रुपये. यादीत हा खर्च शून्य होता. चॅसिसच्या उभ्या चॅनलला मात्र वेल्डिंग करू दिलं नाही. वेल्डच्या उष्णतेने तिथलं पोलाद बदलतं आणि पुढे वेल्डच्या कडेने तडा जातो. हौदा जसा मूळचा यू-बोल्टने बसला होता तसाच बसवला.

ब्रेकला १३,८०० गेले: मागचे लायनर, दोन्ही व्हील सिलिंडर (एक गळत होतं, ड्रम उघडल्यावरच कळलं), पुढचे पॅड, रबरी होज, नवं ब्रेक ऑइल आणि त्या व्हॉल्व्हची दांडी मोकळी करून कंपनीच्या मापावर बसवणं. दांडी चिखलाने आणि गंजाने जाम होती. म्हणजे आधीच्या मालकाच्या हातात गेली काही वर्षं व्हॉल्व्ह एकाच जागी अडकलेला असणार.

टायरवरून मुलाचं आणि माझं वाजलं. टायरांना नक्षी चांगली होती, तो म्हणत होता अजून दोन वर्षं जातील. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन टायरांवर २८१६ होतं, म्हणजे २०१६चा अठ्ठाविसावा आठवडा. नऊ वर्षांचं रबर. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा होत्या. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले, घेऊ असंही निघालं. भरलेली गाडी, उन्हाळ्यातला डांबरी रस्ता आणि घाट हे धरून मी नाही म्हणालो. चार नवे टायर २८,४००. एवढी मोठी रक्कम एका झटक्यात गेली तेव्हा मुलाचा चेहरा उतरला. ते मी समजू शकतो, कारण यातलं काहीच बघणाऱ्याला दिसत नाही.

पाट्यांचं काम झालं, पण वेगळं. डावीकडचा एक पाटा तुटलेला निघाला. तो बदलला, बुश आणि शॅकल पिना नव्या घातल्या. ६,९०० रुपये. पाट्यांची संख्या कंपनीची होती तेवढीच राहिली.

मग रॅक. लोहा मंडीतून २० मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणला. रॅकचे तीन मजले आणि खाली हौद्याचा तळ, असे चार थर, प्रत्येक थरात २४ ट्रे. ९८ खळग्यांचे ९६ ट्रे म्हणजे नऊ हजारांच्या वर रोपं, आणि भिजलेला ट्रे दोन किलोंचा धरला तरी सगळं मिळून दोनशे किलोंच्या आत. रॅक हौद्याला वेल्ड न करता सहा बोल्टांनी बसवला. कुंड्यांच्या दिवशी तो घरी राहणार, ट्रेच्या दिवशी गाडीत. बोल्टचा हट्ट मी धरला होता, कारण ६२ किलोंचा रॅक कुंड्यांच्या फेरीत फुकट फिरवणं म्हणजे पाच-सहा कुंड्या कायमच्या सोडून देणं. रॅकचे ११,६०० आणि वर कमानदार सांगाड्यावर ताणलेल्या हिरव्या शेडनेटचे ३,९००. वायरिंग, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या ३,७००.

बेरीज ८७,८००. काढलेलं लोखंड भंगारात ३,९०० ला गेलं.

काम झाल्यावर गाडी पुन्हा काट्यावर गेली. रॅकशिवाय १,७८० किलो. मालाला १,०४० किलो, म्हणजे खरेदीच्या दिवसापेक्षा सव्वाशे किलो जास्त आणि त्यासाठी एकही पाटा वाढवलेला नाही. जुन्या मातीच्या ६५ कुंड्या, नव्या मिश्रणाच्या ९४. फेरीला नव्वद ठरवल्या.

फिटनेस तपासणीला गाडी रॅक बसवूनच नेली. काढून ठेवा, नंतर लावा, असं एकाने सुचवलं होतं. वहिनींनी ते साफ नाकारलं. तपासणाऱ्याने बोल्ट पाहिले, आरसी पाहिली आणि गाडी पास केली. विमा कंपनीलाही रॅकचं लेखी कळवलं.

पहिल्या फेऱ्या

एप्रिलमध्ये बायपासजवळच्या एका टाउनशिपची १८० कुंड्यांची ऑर्डर होती, आणि तो सगळा माल जुन्या मिश्रणाचा, आधीच भरलेला. दोन फेऱ्यांत देऊ असं कबूल केलं होतं, तीन लागल्या. तिसरी फेरी दुसऱ्या दिवशी गेली आणि गिऱ्हाइकाने सुनावलं. मुलाने त्या दिवशी नव्वदच्या नव्वद भरू का म्हणून फोन केला होता. जुन्या मातीच्या नव्वद म्हणजे १,४४० किलो. तो निर्णय त्याने स्वतः घेतला आणि साठ भरल्या.

भरायची पद्धतही तेव्हाच बसली. सर्वांत जड कुंड्या मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे, हलक्या फाळक्याकडे. सुरुवातीला उतरवायला सोपं म्हणून जड माल शेवटी, फाळक्याजवळ ठेवला जायचा आणि स्टिअरिंग हलकं लागायचं. काट्यावर आधी नुसती पुढची चाकं चढवून, मग पूर्ण गाडी चढवून दोन वजनं घेतली, तेव्हा पुढचा भार किती कमी झाला होता ते आकड्यात दिसलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मिरचीची पहिली खेप निमाडात गेली. मी सोबत होतो. भेरू घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, खाली थांबून ड्रमजवळ हात नेला. गरम होते, पण वास नव्हता आणि पेडल कडक होतं. गाडीचं समाधान वाटलं, रोपांचं नाही. केबिनच्या वरून येणारा वारा शेडनेटखाली शिरून वरच्या थरात घुमला होता. वरचे पुढचे आठ ट्रे करपल्यासारखे झाले, सातशेच्या वर रोपं गेली. शेडनेट ऊन अडवतं, समोरचा वारा अडवत नाही. पुढच्या खेपेला केबिनमागे रॅकच्या उंचीची प्लायवुडची फळी लावली, साडेआठशे रुपयांत. त्यानंतर असं नुकसान झालं नाही.

रॅकची आणखी एक अडचण जुलैत कळली. एका तुकड्यात बनवलेला ६२ किलोंचा रॅक दोन माणसांना उतरवता येईना, तीन लागायची. वहिनी आणि एक मदतनीस असताना तो दोनदा गाडीतच राहिला आणि कुंड्या कमी गेल्या. ऑगस्टमध्ये तो मधून कापून दोन भाग केले.

ऑक्टोबरपर्यंतचा वहीतला हिशेब असा: गेल्या वर्षी त्याच महिन्यांत ५२ वेळा भाड्याची गाडी घ्यावी लागली होती, या वर्षी ९ वेळा. गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर देते. हलक्या कुंडीबद्दल तीन गिऱ्हाइकांनी विचारलं. वहिनी आता कुंडी देताना स्वतःच सांगतात की यात कोकोपीट आहे, उन्हाळ्यात पाणी थोडं लवकर द्या, आणि गच्चीवर ठेवणार असाल तर तळाशी दोन विटांचे तुकडे घालून देते.

पुन्हा करायचं झालं तर

गाडी पसंत पडली की पैसे देण्याआधी धर्मकाटा. आरसीचं वजन आणि काट्याचं वजन यातला फरक हातात असता तर किमतीत दहा-पंधरा हजार तरी सुटले असते, आणि शंभर कुंड्यांचा भ्रम खरेदीआधीच गेला असता.

जादा पत्रा मारलेला हौदा दिसला तर खालून बॅटरी मारून आडवे चॅनल बघायचे आणि हातोडीने ठोकायचे. आम्ही खालून चॅसिस पाहिली, चॅनलांवर मात्र ताजा काळा रंग होता म्हणून पुढे गेलो. अकरा वर्षांच्या गाडीत तेवढ्याच जागी ताजा रंग का, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

बजेट मांडताना विमा, नावावर करणं आणि फिटनेस धरलेच नव्हते. ते २९,००० रुपये वेगळे गेले आणि त्यासाठी वहिनींना भिशीचा नंबर आधी घ्यावा लागला. नव्वद हजारांतून ते आधीच वगळले असते तर शेडनेट आणि रॅक पावसाळ्यानंतर केले असते. ब्रेक आणि टायर तेव्हाही आधीच झाले असते.

तळाच्या रंगकामात माझी चूक झाली. पाणी निघून जावं म्हणून हौद्याच्या तळाला बारा भोकं पाडायची होती. ती रंगाच्या आधी पाडायला सांगायला मी विसरलो. नंतर पाडली, कडांना उघडं लोखंड राहिलं आणि दिवाळीपर्यंत प्रत्येक भोकाभोवती गंजाचं कडं आलं. ते आता घासून पुन्हा रंगवलं आहे.

नव्या मिश्रणाचा निर्णय फेब्रुवारीत झाला, पण माल एप्रिल-मेपर्यंत जुन्याच मातीत होता. विकायला तयार झाड पुन्हा दुसऱ्या मातीत भरता येत नाही. गाडी घ्यायच्या आधीच्या पावसाळ्यात कुंड्या बदलल्या असत्या तर टाउनशिपला तीन फेऱ्या लागल्या नसत्या.

एका गोष्टीवर मुलाचं आणि माझं अजून एकमत नाही. रंगाचे पैसे वाचवले, पण पोपडे उडालेली गाडी पाहून एका सोसायटीच्या सेक्रेटरीने गेटवर अडवलं, असं तो म्हणतो. तो चुकीचं बोलत नाही. धंद्यात गाडी हीच पाटी असते. येत्या उन्हाळ्यात बाजूचे पत्रे रंगवायचे आणि त्यावर रोपवाटिकेचं नाव लिहायचं, एवढ्यावर सध्या ठरलं आहे.

उजव्या शॅकलजवळच्या त्या शंकास्पद जागेवर मी मार्चमध्ये पांढऱ्या रंगाने रेघ मारून ठेवली होती. पावसाळा संपल्यावर गाडीखाली जाऊन पाहिलं. रेघ अखंड आहे, तडा नाही. पुढची तपासणी फिटनेसच्या आधी. मुलाने ती तारीख डॅशबोर्डवर, काट्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्याशेजारी चिकटवली आहे.